बरणीतले देवस्थळी

सुमंतराव देवस्थळी एका दिवशी कोथिंबीर आणतात, दुसऱ्या दिवशी मिरच्या आणि तिसऱ्या दिवशी दूध, हे माझ्या लक्षात यायला जरा वेळच लागला. मी स्वतः आठवड्याचं सामान एका फेरीत आणून टाकते. दुकानात रेंगाळणारी माणसं मला समजत नाहीत. पण त्या सप्टेंबरात माझी गुडघ्याची फिजिओथेरपी चालू होती आणि ते क्लिनिक दुकानाच्याच रांगेत, अमेरिकेतल्या आमच्या गावातून जाणाऱ्या रूट फॉर्टीसिक्स या हमरस्त्याला लागून. तिथे मी जेव्हा जावं तेव्हा सुमंतरावांची पिवळी गाडी पार्किंगमध्ये उभी, दुकानाच्या दाराजवळ नाही, ट्रॉल्या परत ठेवतात त्या कोपऱ्यात, आणि शेजारी हातात एक चिमुकली पिशवी घेऊन सुमंतराव.

"काल पण तुम्ही इथेच होता," मी म्हटलं.

"काल कोथिंबीर होती, वहिनी. आज मिरच्या."

"एका पिशवीत घातल्या तर भांडतात का?"

ते हसले, पण त्यांचं लक्ष माझ्या खांद्यावरून पलीकडे होतं. हातभर गोंदवलेला एक पोरगा ट्रॉली ढकलत येत होता. त्याने ट्रॉली सोडली आणि विचारलं, ही पेसर आहे का, खरीखुरी पेसर? सुमंतरावांचा चेहरा असा उजळला की मी तिथे उभी आहे हे दोघेही विसरले. मी माझ्या गुडघ्याला घेऊन घरी गेले.

ज्यांनी पेसर पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. एएमसी नावाची एक कंपनी होती, ती आता नाही. तिने सत्तरच्या दशकात ही गाडी काढली. लांबीला आखूड, रुंदीला आडदांड, पोट सुटलेल्या माणसाने टोपी घालावी तशी. आणि काचा. इतक्या काचा की आत बसलेला माणूस चहूबाजूंनी दिसतो, उन्हाळ्यात शिजतो आणि तेही लोकांना दिसतं. ती आखली होती एका नव्या तऱ्हेच्या इंजिनासाठी, ते इंजिन ऐनवेळी मिळालंच नाही, मग कंपनीने आपलं जुनं लांबडं इंजिन त्या आखूड नाकात कोंबलं. आणखी एक गंमत म्हणजे हिची दोन दारं सारखी नाहीत. ड्रायव्हरच्या शेजारचं दार त्याच्या दारापेक्षा चांगलं वीतभर नाही तरी चार बोटं लांब आहे, मागच्या माणसाला फुटपाथकडून चढता-उतरता यावं म्हणून. अमेरिकन लोक हिला मासे ठेवायचं भांडं म्हणायचे. जगातल्या सर्वांत कुरूप गाड्यांची नावं कुणी काढली की हिचं नाव असायचंच.

सुमंतरावांनी ती एकोणऐंशी साली घेतली, ऑफिसातल्या एका माणसाकडून, ज्याला ती कधी एकदा दारातून जाते असं झालं होतं. सांगलीचा मेकॅनिकल इंजिनिअर, बिस्किटांचे पुडे बांधणारी यंत्रं आखायचा, तोंडातून शब्द काढायला पैसे पडतात अशा बेताने बोलायचा. आमच्याकडे तेव्हा पार्सिपनीत मोजकी मराठी घरं. सगळ्यांच्या दारात लांबच लांब, पोक्त दिसणाऱ्या गाड्या. त्यात देवस्थळी ही हळदीच्या रंगाची वस्तू घेऊन गणपतीच्या आरतीला आले. माझा नवरा प्रताप दारात उभा होता. तो म्हणाला, "सुमंता, लोणचं घालायची बरणी आणलीस काय रे?" झालं. त्या दिवसापासून ते बरणीवाले देवस्थळी. मुलं त्यांना बरणीकाका म्हणायची. तोंडावर म्हणायची.

विनीता, त्यांची बायको, त्या गाडीत बसायची नाही. स्वभावाने ती मोठी हौशी बाई, पण म्हणायची, "मला शोकेसमध्ये बसवून नेऊ नका." तिने स्वतःची होंडा घेतली. कार्यक्रमाला दोघं दोन गाड्यांतून यायची, ती पुढे, हे मागे. त्यांना कुणी विचारलं की, अहो, हीच का घेतली, तर एकच उत्तर: "बाहेरून कशी दिसते ते तुम्ही बघा. मला आतून सगळं दिसतं." एवढं बोलून पुन्हा गप्प. विनीता दोघांच्या वाटणीचं बोलायची, त्यामुळे कुणाला काही उणं वाटलं नाही. ती गेली तेव्हा कळलं की त्या घरात बोलणारं एकच माणूस होतं.

प्रतापही त्याच सुमाराला गेला. बाकीची जुनी मंडळी कुणी फ्लोरिडाला, कुणी मुलांकडे, कुणी वर. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात आता आमची नातवंडं शोभतील अशी माणसं असतात. आदराने वाकून नमस्कार करतात आणि फोनकडे बघत पुढे जातात. त्यांची तक्रार नाही, त्या वयात मीही म्हाताऱ्यांना टाळायचे.

ऑक्टोबरात लांब दक्षिणेतल्या अल्फारेटाहून अनिकाचा फोन आला. अनिका म्हणजे सुमंतरावांची एकुलती एक मुलगी. तिथे मोठ्या हुद्द्यावर आहे, नवरा ऋषीही तसाच.

"मृणालिनी मावशी, बाबांच्या डोळ्यांचं तुला माहितीये ना? मधलंच दिसत नाही त्यांना नीट. डॉक्टरने ड्रायव्हिंग स्टॉप करा म्हणून सांगितलंय. ही'ज स्टिल ड्रायव्हिंग."

"मला नाही सांगितलं त्यांनी."

"मलाही नाही सांगितलं. डॉक्टरला मी फोन केला. मावशी, त्यांना इथे आणायचंय, थँक्सगिव्हिंगच्या आधी. खोली रेडी आहे, बाथरूम खाली आहे. पण गाडीचं म्हटलं की ते म्हणतात शनिवारनंतर बघू. दर वेळी शनिवारनंतर. व्हॉट हॅपन्स ऑन सॅटर्डे?"

मला आवडलं नाही. माणूस अर्ध्या डोळ्यांनी रूट फॉर्टीसिक्सवर गाडी घालतो आणि तेही मिरच्यांसाठी. शनिवारी सकाळी मी सरळ त्यांच्या दारात उभी राहिले.

गाडी गॅरेजबाहेर काढून पुसून ठेवली होती. स्वयंपाकघरात कढईभर पोहे. एका माणसाचे नव्हेत, चांगले सहा-सात माणसांचे. वर खोबरं, कोथिंबीर. आता कळलं ती कुठे जात होती ते.

"कोण येणार आहे?"

"वॉल्टर म्हणून आहे एक. पार्किंगमध्ये भेटला. त्याच्या वडिलांकडे हीच गाडी होती. ते आता म्हाताऱ्यांच्या होममध्ये असतात. त्यांना घेऊन येतो म्हणाला शनिवारी."

"या शनिवारी?"

"कुठल्यातरी शनिवारी."

"म्हणजे तुम्ही प्रत्येक शनिवारी पोहे करता?"

"वॉल्टर एकटाच नाही. एक नर्स आहे, ती मुलाला घेऊन येते म्हणालीये. एक शाळेतला मास्तर आहे." ते पोह्यांवर झाकण ठेवत म्हणाले. "तिखट घातलेलं नाही. लिंबू बाजूला ठेवलंय."

आम्ही वाट पाहिली. मला वाट पाहता येत नाही. मी दोनदा भांडी आवरली. दुपार झाली तशी मी माझ्यासाठी ताटली भरून घेतली आणि जे बोलायचं ते बोलले.

"सुमंतराव, पन्नास वर्षं झाली तुम्हाला या देशात. ही माणसं 'आय'ड लव्ह टू' म्हणतात ते येण्यासाठी म्हणत नाहीत. 'समटाइम' म्हणजे कधीच नाही. हे कालच्या विमानाने आलेल्या पोरालाही कळतं."

"मलाही कळतं," ते म्हणाले. "आपणही म्हणतोच की, या एकदा चहाला. तेव्हा आपण तरी कुठे आधण ठेवतो? पण समजा एखादा आलाच. घरात काही नको?"

"आणि डोळे?"

ते खिडकीतून गाडीकडे बघत बोलले, आणि मी त्यांना ओळखते तेवढ्या वर्षांत एका दमात इतकं बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं.

"वहिनी, मला बोलणं सुरू करता येत नाही. कधीच आलं नाही. कुणी सुरू करून दिलं की पुढचं जमतं. विनीता होती तेव्हा ती करून द्यायची. आता ही करून देते. मी नुसता शेजारी उभा राहतो. कुणीतरी येतं, म्हणतं, माझ्या काकाकडे होती, माझी पहिली मैत्रीण हिच्यात बसली होती, आम्ही या गाडीला किती हसायचो. हसतात अजूनही. हसू देत. हसता हसता दहा मिनिटं थांबतात. ज्या दिवशी गाडी काढत नाही त्या दिवशी माझा आवाज मला ऐकू येत नाही."

मी म्हटलं, पोह्यांत मीठ कमी आहे. खरंच कमी होतं.

गाडी विकायचं काम ऋषीने अंगावर घेतलं. इंटरनेटवर त्याला पेनसिल्व्हेनियातला एक माणूस सापडला, डेल नावाचा. जुन्या विक्षिप्त गाड्या जमवणारा. ज्या गाड्यांना लोक हसले त्याच तो घेतो. शनिवारीच आला. सुमंतरावांनी पोहे केले होते. मला बोलावून घेतलं, कदाचित साक्षीला.

आणि हा डेल, सांगते, वाईट माणूस नव्हता. दाढीवाला, थोराड, बूट दाराबाहेर काढून आत आला. कुणी सांगितलं नव्हतं. पोहे दोनदा घेतले. यात पिवळं काय आहे, हे विचारलं. मग दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून उभे राहिले. सहा सिलिंडरपैकी मागचा प्लग बदलायला हात किती वाकडा करावा लागतो, याच्यावर त्यांनी अर्धी सकाळ घालवली. डेलने लांब दार उघडून मिटलं, उघडून मिटलं, बिजागरीचा आवाज ऐकला आणि म्हणाला, तुम्ही हिला फार नीट ठेवलीत, सर. सुमंतराव हसत होते. माझ्या मनात आलं, सुटले एकदाचे. चांगल्या घरी पडतेय.

मग सुमंतरावांनी विचारलं, तुम्ही हिला कुठे ठेवणार?

डेलने अभिमानाने फोन काढला. त्याच्या शेतावर एक लांबलचक पत्र्याची इमारत आहे. आत गाड्यांची रांग, प्रत्येकीवर कापड. आत ऊन येत नाही, ओल येत नाही. यंत्र लावलंय. वर्षातून एकदा इंजिनं चालू करतो, जागच्या जागी.

"आणि बघायला कोण येतं?" सुमंतरावांनी इंग्रजीत विचारलं.

"कुणी नाही," डेल म्हणाला. "म्हणून तर टिकतात."

सुमंतराव फोनमधल्या त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. डोळ्यांच्या मधलं दिसत नाही म्हणून मान वाकडी करून, कडेकडेने. कापडाखाली गाड्यांचे नुसते उंचवटे दिसत होते. मग त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाले, माफ करा, मला विकायची नाही.

ट्रेलर घेऊन आलेल्या माणसाला असं सांगताना मी तरी चार शब्द कारण दिलं असतं. त्यांनी कारण दिलं नाही. उरलेले पोहे डब्यात भरून डेलच्या हातात दिले. डेलने डबा काखेत धरला आणि मला म्हणाला, मॅडम, मी अशी माणसं पाहिलीयेत, त्यांचा विचार बदलला तर मला कळवा. ट्रेलर रिकामा खडखडत गेला.

संध्याकाळी अनिकाने फोन स्पीकरवर घ्यायला लावला. "बाबा, इट'स अ कार. इतका चांगला माणूस होता. आमच्या इथे एचओए आहे, सोसायटीची कमिटी, कुणी चालवत नसलेली गाडी बाहेर उभी केली तर नोटीस येते, गॅरेजमध्ये जागा नाही. मग काय करणार आहात तुम्ही तिचं?"

"मृणालिनी वहिनी घेतायत," सुमंतराव म्हणाले.

हे मला तिथेच, तेव्हाच कळलं.

"मी? मला ती बरणी नको," मी म्हटलं. "माझी गाडी करड्या रंगाची आहे आणि तिच्याकडे कुत्रंही बघत नाही, हे मला पसंत आहे. माणसं अंगावर आलेली मला चालत नाहीत. मी तुमच्यासारखी उभी राहून काकांच्या आणि मैत्रिणींच्या गोष्टी ऐकणार नाही."

"ऐकू नका. फक्त दुकानात घेऊन जा."

"कापड घालून ठेवेन."

"नाही ठेवणार तुम्ही."

अनिका पलीकडून म्हणाली, "मावशी, प्लीज. त्याशिवाय ते येणार नाहीत."

त्या मुलीच्या आवाजात काय होतं ते मला ऐकू आलं. तिला वडील जिवंत हवे होते, एवढंच. मी किल्ली घेतली. कागद माझ्या नावावर झाले, माझी करडी गाडी मी शेजारच्या नीलांबरीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला देऊन टाकली, कारण दोन गाड्या बाळगणं हा मूर्खपणा आहे.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगपर्यंत मी चालवायची आणि सुमंतराव शेजारी बसायचे. ते लांब दार त्यांना आता पहिल्यांदाच उपयोगी पडलं. आजवर ते कायम आखूड दाराच्या बाजूला. "बरं आहे हो हे," म्हणाले. "विनीताला बसून बघायला हवं होतं." ब्रेक आधीपासून दाबायचा, वळताना रुंदीचा विसर पडू द्यायचा नाही, थंडीत काचांवर वाफ धरते तेव्हा कुठलं बटण आधी, सगळं शिकवलं. चुकले की बोलत नसत, नुसतं दाराचं हँडल धरत. पार्किंगच्या कोपऱ्यात आम्ही थांबायचो. लोक यायचे. मी गाडीत बसून वर्तमानपत्र वाचायचे, पण चहूबाजूंनी काचा असल्यावर माणूस किती वाचणार.

वॉल्टर आला नाही. शेवटच्या शनिवारीही नाही. सुमंतरावांनी त्या दिवशी पोहे केले होते, थोडेसेच. आम्ही दोघांनी ते गाडीत बसून खाल्ले, ड्राइव्हवेवर, कारण आवराआवरीत घरातल्या खुर्च्या गेल्या होत्या. रस्त्यावरून एक बाई कुत्र्याला घेऊन गेली. तिने हात केला. सुमंतरावांनीही केला.

आता ते अल्फारेटाला आहेत. सगळं छान आहे, असं सांगतात. खोली मोठी आहे, खालीच बाथरूम आहे, ऋषी घरी असला तर दोघं बातम्या बघतात. नात केया प्रेमळ आहे. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत देते आणि कानात सतत काहीतरी घातलेलं असतं. सगळी कामाची माणसं. घरांच्या रांगा इतक्या सुबक की रस्त्यावर कुणी चालत नाही. एकदा सहज म्हणाले, "इथे थांबायला काही कारणच नाहीये, वहिनी. लोकांना."

गाडी पहिल्यांदा एकटी घेऊन गेले तेव्हा दुकानातून बाहेर येते तो एक जाडा माणूस बॉनेटवर हात फिरवत उभा. विचारू लागला, हिच्यात मूळचं इंजिन आहे का, तुम्ही किती वर्षं चालवताय. मला थंडी वाजत होती. माझा गुडघा दुखत होता. मी म्हटलं, मला काही माहीत नाही, ज्याची आहे त्याला विचारा, आणि वैतागून सुमंतरावांना फोन लावून फोन त्याच्या हातात दिला.

पहिल्याच रिंगला उचलला त्यांनी.

त्या माणसाने आधी थोडं बिचकून हॅलो म्हटलं. मग हसायला लागला. मग पाठ फिरवून फेऱ्या घालत बोलायला लागला, माझा फोन घेऊन, पार पलीकडच्या खांबापर्यंत. माझी बोटं गारठून गेली. फोन परत दिला तेव्हा म्हणाला, फार छान माणूस आहे, त्याने मला मागचा प्लग कसा काढायचा ते सांगितलं. मी विचारलं, तुमच्याकडे पेसर आहे का? म्हणाला, नाही.

तेव्हापासून असंच चालतं. कुणी थांबलं की मी फोन लावून देते. मला बोलावं लागत नाही, ही त्यातली सोय. कुठल्याही वेळी लावा, पहिल्याच रिंगला उचलतात. अनिका म्हणते, बाबा फोन खिशात नाही ठेवत, हातात ठेवतात. जेवताना ताटाशेजारी.

फेब्रुवारीत बर्फानंतर एके दिवशी मी कोथिंबीर आणायला गेले. पार्किंगच्या कोपऱ्यात बर्फाचा काळा ढीग करून ठेवलेला, गाडी त्याच्याशेजारी उभी. बाहेर आले तर कुणी नव्हतं. माणसं माना खाली घालून आपापल्या गाड्यांकडे पळत होती. मी आत बसले, हीटर लावला, थोडी थांबले. काचांवर वाफ धरली तशी आधी कुठलं बटण ते दाबून ती घालवली. पुन्हा थांबले. एक बाई जवळून गेली, तिने पाहिलं, हसली आणि गेली. मग मीही घरी आले.

संध्याकाळी त्यांचा फोन.

"आज दुकानात गेला नव्हतात का, वहिनी?"

"गेले होते. कोणी थांबलं नाही."

"हवा वाईट असेल."

"हो. फार वाईट."

"बरोबर आहे. अशा हवेत कोण थांबणार." मग म्हणाले, "गाडी नीट सुरू झाली ना?"

"झाली."

"मग ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं. मी मिरच्या आणायला पुन्हा गेले. मिरच्या घरात होत्या.